लज्जापिंडापासून घरपोच शिध्यापर्यंत
(आपत्तीतील अन्नसाहाय्य आणि दिव्यांग बांधव : एक ऐतिहासिक मागोवा)

दुष्काळ, महापूर, भूकंप वा साथीचा रोग, यांपैकी कोणतेही संकट ओढवले की आपल्या समाजाचे हात प्रथम धान्याच्या कोठाराकडे वळतात. हा संस्कार जुना आहे आणि त्याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. अन्नदानाच्या थोरवीवर अशा स्मरणिकांतून आजवर विपुल लिहिले गेले आहे. किती पोती धान्य वाटले, किती पंगती उठल्या, अन्नछत्र किती दिवस चालले, याच्या नोंदी दात्यांच्या नावांसह सापडतात. मात्र अन्नछत्रापर्यंत जे येऊच शकले नाहीत, त्यांची नोंद क्वचितच कोणी ठेवली. अंध, पांगळे, मूकबधिर, बौद्धिक अपंगत्व असलेले, अंथरुणाला खिळलेले असे हे लोक. त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचले का, आणि पोहोचले तेव्हा त्यांचा मान राखला गेला का, या दोन प्रश्नांच्या अंगाने इतिहासाकडे पाहण्याचा प्रस्तुत लेखात अल्पसा प्रयत्न केला आहे.

शब्दांविषयी एक खुलासा करतो. जुन्या कागदपत्रांत लुळा, पांगळा, आंधळा असे शब्द येतात. पुढे 'अपंग' हा शब्द रूढ झाला आणि अलीकडे शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द स्थिरावला. ज्या त्या काळाविषयी लिहिताना त्या त्या काळचा शब्द वापरला आहे. त्यामागे अनादराचा हेतू नाही.

जगडूशाहांचा पडदा

दुष्काळातील दानाचा विषय निघाला की कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सर्वानंदसूरींनी संस्कृतात रचलेल्या 'जगडूचरित' या काव्यात त्यांची कथा आली आहे. जर्मन पंडित जॉर्ज ब्यूलर यांनी १८९२ साली या काव्यावर अभ्यासग्रंथ लिहिल्यामुळे इतिहासकारांचेही तिकडे लक्ष गेले. विक्रम संवत १३१३ ते १३१५, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या मध्यावर, सलग तीन वर्षे भीषण अवर्षण पडले. गुरूंच्या सूचनेवरून जगडूशाहांनी त्यापूर्वीच ठिकठिकाणी धान्याचे साठे करून ठेवले होते. गुजरातचा राजा वीसलदेव याने धान्य मागितले, तेव्हा जगडूशाहांनी ते आपले नसल्याचे सांगितले. कोठारे उघडली असता आत ताम्रपट निघाले आणि हे धान्य गरिबांसाठी ठेवले आहे, असे त्यांवर कोरलेले होते, अशी कथा आहे. संकट येण्यापूर्वी केलेली तयारी आणि साठ्यावर आधीच लिहून ठेवलेला गरिबाचा हक्क, या दोन गोष्टी व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्याव्यात अशा आहेत.

परंतु या कथेचे खरे मोल 'लज्जापिंड' या शब्दात आहे. जे लोक लाजेमुळे दानशाळेच्या दारात उभे राहू शकत नव्हते, त्यांना आत सुवर्णनाणे दडवलेले लाडू रात्रीच्या वेळी दिले जात. मागणाऱ्याची लाज झाकणारा पिंड, म्हणून लज्जापिंड. जगडूशाह पडद्याआडून दान देत, समोर फक्त हात दिसे, अशीही आख्यायिका सांगितली जाते. वेष पालटून आलेल्या राजा वीसलदेवाने पडद्याखालून हात पुढे केला, तेव्हा हातावरील रेषा पाहून जगडूशाहांनी हा कोणी थोर पुरुष असल्याचे ओळखले आणि त्या हातावर आपली रत्नजडित अंगठी ठेवली, असे परंपरा सांगते. या कथांतील काव्याचा भाग वगळला तरी एक गोष्ट उरते. घेणाऱ्याचा चेहरा पाहण्याचा अधिकार देणाऱ्याला नाही, हे त्या काळच्या एका व्यापाऱ्याला कळले होते.

तथापि इतिहासाचा अभ्यास करताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. लज्जापिंड मुख्यतः कुलीनांसाठी होते. लाज काय फक्त कुलीनालाच असते? रस्त्याच्या कडेला बसलेल्या पांगळ्याला ती नसते का? शिवाय पडद्याने लाज झाकली, तरी त्या पडद्यापर्यंत चालत जावे लागतच होते. मान राखण्याची युक्ती सापडली होती, पण घराबाहेर पडू न शकणाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या महाराष्ट्रात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी राजवटीत दुष्काळपीडितांसाठी सरकारी कोठारे उघडी केली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. लोकांनी धान्य वाहून नेले, असे आपण सांगतो. ज्यांच्या अंगात वाहून नेण्याचे बळ नव्हते, त्यांच्या वाट्याला काय आले, याविषयी कथा मौन बाळगते.

दुष्काळ संहिता आणि 'लायकी'ची कसोटी

या मौनाला पहिल्यांदा कागदावर उत्तर मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. १८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळाने सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांसह दख्खनचा मोठा भाग होरपळून निघाला. ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज पुढे खुद्द सरकारी आयोगाने दिला. सरकारचे धोरण असे होते की मदत हवी असेल त्याने खडी फोडावी, तळी खोदावीत आणि मजुरी घ्यावी. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी ही मजुरीदेखील दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणण्याचा पुरस्कार केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून लोकांचे हाल सरकारपुढे मांडले. त्या कार्याचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये.

जो काम करू शकत नाही त्याचे काय, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. त्या नमुन्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता सिद्ध झाल्या. अंध, पांगळे, वेडसर, वृद्ध आणि दुर्बळ अशा, ज्यांना सांभाळणारे कोणी नाही, त्यांना कामाशिवाय मदत द्यावी, हे तत्त्व या संहितांनी मान्य केले. गावकामगारांनी गावोगाव अशांच्या याद्या कराव्यात, वरिष्ठांनी त्या तपासाव्यात आणि शक्यतो गावातच मदत द्यावी, असेही त्यांत होते. पडदानशीन स्त्रियांसाठी घरी मदत पोहोचवण्याची तरतूद होती. अपंग माणसाचे नाव संकटाच्या वेळी यादीत असले पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे सरकारी नियमात अशी आली. या गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे.

परंतु यादीत जाण्यासाठी माणसाला आपली असहायता सिद्ध करावी लागे. तपासणी अधिकाऱ्यासमोर उभे राहून आपण किती निकामी आहोत हे दाखवावे लागे. दुसरी सोय होती ती 'पुअर-हाऊस'ची. तेथे अन्न मिळे, पण घर व गाव सोडून आवारात राहावे लागे. अनोळखी गर्दी, जातपातीच्या जेवणाचे प्रश्न आणि रोगराई यांमुळे लोक तेथे जाण्यास धजत नसत. अनेकांनी उपास पत्करला, पण पुअर-हाऊसची पायरी चढली नाही. जगडूशाहांच्या पडद्यामागे मान होता पण घरापर्यंतची पोच नव्हती. संहितेने पोच थोडीफार साधली, पण मान हरवला. हे दोन्ही एकत्र कसे आणावे, हाच पुढच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

शिधापत्रिका, सुकडी आणि रांग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि शिधापत्रिका, दुकान व रांग ही त्रयी सामान्य माणसाच्या जीवनात आली. वाटपाची ही पद्धत न्याय्य होती, कारण धनिक व गरीब एकाच मापाने मोजले जात. मात्र रांग ही उभे राहू शकणाऱ्यांसाठी केलेली व्यवस्था होती आणि पुढील सहा-सात दशके कोणी तिचा या अंगाने विचार केला नाही.

१९७२ चा दुष्काळ आजही आपल्यातील अनेकांच्या स्मरणात आहे. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी हे शब्द त्या पिढीला समजावून सांगावे लागत नाहीत. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. एवढ्या मोठ्या संकटात भूकबळींचे थैमान टळले, ही महाराष्ट्राची फार मोठी कामगिरी होय. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर राष्ट्रीय कायदा केला.

या योजनेमुळे मजुराचा मान राखला गेला, कारण तो मदत घेत नसून कामाचा मोबदला घेत होता. पण ज्याला घमेले उचलता येत नव्हते, तो मात्र घरातील कमावत्या माणसावर अवलंबून राहिला. १९८० साली महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली, तिच्यामागे हीच जाणीव होती.

येथे वरोऱ्याच्या आनंदवनाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४९ साली बाबा आमटे यांनी ओसाड जमिनीवर या प्रकल्पाचा पाया घातला. बोटे झडलेल्या कुष्ठरुग्णांनी आणि अंध-अपंगांनी तेथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली आणि स्वतःचे अन्न स्वतः निर्माण केले. ज्यांना जग केवळ खाणारी तोंडे समजत होते, ते पिकवणारे हात झाले. अपंगांसाठीच्या कोणत्याही मदतीचा विचार करताना ते फक्त घेणारे असतात हे गृहीत धरू नये, हा धडा आनंदवनाने दिला. १९७५ साली जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने कृत्रिम पाय देऊन लाखोंना उभे केले, त्यामागेही हीच दृष्टी होती.

दयेकडून हक्काकडे

२००१ साली राजस्थानातील दुष्काळ आणि सरकारी गोदामांत भरलेले धान्य या विसंगतीवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेची ही याचिका 'अन्नाच्या हक्काचा खटला' म्हणून प्रसिद्ध आहे. २ मे २००३ च्या आदेशात न्यायालयाने अंत्योदय अन्न योजनेत ज्यांचा समावेश करावा त्यांची वर्गवारी सांगितली. तीत निराधार वृद्ध, विधवा व एकट्या स्त्रिया होत्या. त्याचबरोबर खात्रीचे उत्पन्न नसलेली अपंग प्रौढाची कुटुंबे होती आणि अपंग व्यक्तीची शुश्रूषा करावी लागत असल्यामुळे ज्या घरातील कोणी बाहेर कामाला जाऊ शकत नाही, अशीही कुटुंबे होती. हे शेवटचे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. अपंगत्व एका व्यक्तीचे असले तरी भूक साऱ्या घराची असते, हे न्यायालयाने ओळखले.

अंत्योदय योजनेत २००२ पासून कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळते. आता आपण व्यापारी माणसे वजनाचा हिशेब जाणतो. ३५ किलोचे ओझे कुबड्या घेतलेला माणूस दुकानापासून घरापर्यंत कसे नेणार? तो हमाल करील किंवा शेजाऱ्याला विनवील. म्हणजे हक्काच्या धान्यासाठी पैसे मोजावे लागणार किंवा उपकार घ्यावा लागणार. २०१७ च्या सुमारास शिधावाटप दुकानांत ई-पॉस यंत्रे आली, त्यामुळे गळती कमी झाली. पण अंगठा लागत नाही म्हणून परतावे लागलेल्या वृद्धांची आणि हाताच्या बोटांनी अपंग असलेल्यांची अडचण नवीनच उभी राहिली. आधार पडताळणी न झाल्यास कोणाचेही धान्य अडवू नये, तसेच दुकानात येऊ न शकणाऱ्यांना प्रतिनिधीमार्फत किंवा घरपोच धान्य द्यावे, अशा सूचना केंद्र सरकारने राज्यांना दिल्या आहेत. त्या सूचना प्रत्येक दुकानापर्यंत आणि त्याहून अधिक, प्रत्येक लाभार्थ्यापर्यंत पोहोचणे हे खरे काम आहे.

कायद्याची बाजू आज भक्कम आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये झाला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यातील आठव्या कलमानुसार आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांगांना समान संरक्षण मिळाले पाहिजे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवली पाहिजे. १८८३ च्या संहितेतील यादी येथे पुन्हा आली, पण फरक मोठा आहे. तेव्हाची यादी असहायतेची होती, आताची यादी हक्काची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख आणि देशात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. हा आकडा पाहिला म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही, हे ध्यानात येते.

महापूर आणि महामारी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांना घराबाहेर काढले. नावांतून आणि हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटे पोहोचवली गेली. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मदतीचा ओघ आला आणि आपला समाजही त्यात मागे नव्हता. त्याच वेळी मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवल्याबद्दल लोकांनी तीव्र संताप व्यक्त केला. सातशे वर्षांपूर्वी पडद्यामागे लपलेला दाता आता पाकिटावर येऊन बसला होता. लोकांना राग आला याचा अर्थ मदतीतील मानाची जाणीव समाजात जिवंत आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. शिवभोजन थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणण्यात आली. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली त्या एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य मोफत देण्यात आले आणि ते नियमित धान्याखेरीज होते. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचे नियमित २५ व मोफत २५ मिळून ५० किलो होत. धान्य भरपूर होते, पण नेहमी हात धरून नेणारा सोबती टाळेबंदीत येऊ शकत नव्हता. अंध माणूस स्पर्शाने जग ओळखतो आणि स्पर्शच वर्ज्य ठरला होता. मुखपट्ट्यांमुळे ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजणाऱ्या कर्णबधिरांना दुकानदार काय सांगतो हे कळेना. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शक सूचना काढल्या. दिव्यांगांना अन्न, पाणी व औषधे ते असतील तेथे मिळावीत, दुकानांत त्यांच्यासाठी राखीव वेळ असावी, माहिती ब्रेल, ध्वनी व सांकेतिक भाषेतून द्यावी, असे त्यांत म्हटले होते. संकटाच्या ऐन भरात अशा सूचना निघणे ही आपल्या देशाच्या वाटचालीतील उल्लेखनीय घटना होय.

इतिहास काय सांगतो

या सातशे वर्षांच्या वाटचालीचा सारांश काढावयाचा तर पुढील गोष्टी संस्थांनी ध्यानात घ्याव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट, यादी संकटापूर्वी हवी. पाणी दारात आल्यावर कोणत्या गल्लीत कोण अंथरुणावर आहे याचा शोध घेता येत नाही. ग्रामपंचायती व नगरपालिका आपल्या निधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नोंदी उपलब्ध असतात. त्या घेऊन दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ताज्या कराव्यात. नाव नोंदवताना त्या व्यक्तीची संमती घ्यावी आणि यादी फलकावर लावू नये.

दुसरी गोष्ट, अन्न माणसाकडे जावे. दोनशे घरांची यादी असेल आणि वीस स्वयंसेवक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा घरे येतात. हे काम अवघड नाही. जो येऊ इच्छितो त्याच्यासाठी वाटपाची जागा तळमजल्यावर असावी, उतरण असावी, बसावयास बाक व जवळ स्वच्छतागृह असावे. रांगेऐवजी क्रमांक द्यावा, तो पुकारावा आणि लिहून दाखवावाही.

तिसरी गोष्ट, अन्न खाता येईल असे असावे. ज्याला चूल पेटवता येत नाही त्याला कच्च्या तांदळाचा उपयोग नाही. ज्याला चावता वा गिळता येत नाही त्याला मऊ भात, पेज वा पातळ खिचडी लागते. एका हाताने पाकीट उघडता आले पाहिजे. मोठ्या पोत्याऐवजी दोन-तीन किलोच्या पिशव्या केल्या तर उचलणे सोपे जाते. या गोष्टी लहान दिसतात, पण पोटात अन्न जाणार की नाही हे त्यांवरच ठरते.

चौथी गोष्ट, मान राखावा. देताना छायाचित्र घेऊ नये. सोबत आलेल्या माणसाशी न बोलता प्रत्यक्ष त्या व्यक्तीशी बोलावे. 'काय हवे' हे विचारावे, कारण कोणाला धान्याऐवजी गॅस हवा असेल, कोणाला औषध हवे असेल. आणि वाटपाच्या समितीत एक-दोन दिव्यांग सदस्य अवश्य असावेत. कोठे अडते हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते.

आपल्या आचारधर्मात मुनींना आहार देण्याची एक रीत आहे. मुनी याचना करीत नाहीत. श्रावक दारात उभा राहून त्यांचे विनयाने स्वागत करतो आणि आपले दान स्वीकारले गेले याचेच समाधान मानतो. पात्रदान आणि करुणादान यांत शास्त्राने भेद केला आहे, हे मान्य आहे. तरीही न मागणाऱ्यापर्यंत नम्रपणे कसे जावे, ही विद्या आपल्याला लहानपणापासून घरात मिळालेली आहे. ती गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या अंध आजीबाईंच्या दारापर्यंत नेण्यास कोणतेही शास्त्र आडकाठी करीत नाही.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळींनी अनेक संकल्प केले असतील. त्यांत एका वहीची भर घालावी, अशी विनंती आहे. त्या वहीत दात्यांची नावे नसावीत. आपल्या परिसरातील ज्या बांधवांना संकटाच्या दिवशी घराबाहेर पडता येणार नाही, त्यांची नावे, त्यांची गरज आणि त्यांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकाचे नाव एवढेच तीत असावे. ही वही येत्या पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावी.

जय जिनेंद्र.